साडेपंचेचाळीस इंचांचा गोल्फ ड्रायव्हर चव्वेचाळीसवर : फोंड्यातल्या प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

पाऊस ओसरला, म्हणून आजपासून या नोंदी सुरू करतोय. मी वेर्णा औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात उपकरणं दुरुस्त करतो, राहतो फोंड्यात. पुण्यात नोकरीला असताना गोल्फ शिकलो. गोव्यात आल्यावर खेळ अडला, कारण पूर्ण लांबीचं मैदान गाठायचं तर मला काणकोणला राजबागच्या ललित रिसॉर्टच्या नऊ होलच्या कोर्सवर जावं लागतं. मोबोरला आहे ते बारा होलचं कोर्स पार-थ्रीचं, म्हणजे तीन फटक्यांत संपणाऱ्या छोट्या होलांचं. तिथे ड्रायव्हर, म्हणजे सर्वात लांब फटक्याची गोल्फची काठी, बॅगेतून काढायची वेळच येत नाही.

माझी अडचण एका ओळीत सांगतो. आयर्न, म्हणजे छोट्या डोक्याच्या काठ्या, यांचे चेंडू सरळ जातात, ड्रायव्हरचा उजवीकडे वळतो. थोडाथोडका नाही, चाळीस-पन्नास यार्ड. म्हणून नवा ड्रायव्हर निवडायचा, घरी जाळं बांधून त्याच्यावर काम करायचं आणि फेब्रुवारीपर्यंत चेंडू फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतावर, ठेवता यायला हवा, असं ठरवलं. खर्चाला वीस हजार काढून ठेवलेत.

पहिली खरेदी झालीसुद्धा. जुन्या वस्तूंच्या जाहिरातीतून एका विक्रेत्याकडून नामांकित कंपनीचा ड्रायव्हर घेतला. ९ अंश लॉफ्ट (फेसचा, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूचा, मागे कललेला कोन), स्टिफ, म्हणजे ताठ शाफ्ट (दांडा), ७,५०० रुपये. दिसायला कोरा.

१३ ऑक्टोबर, रविवार

ड्रायव्हर नकली निघाला.

शंका आवाजावरून आली. मारताना पत्र्याच्या डब्यासारखा भरडा आवाज येत होता. वास्कोचे काका नौदलातून निवृत्त झालेत आणि माझ्या जन्माच्या आधीपासून खेळतात. त्यांना फोनवर आवाज ऐकवला. ते म्हणाले, “फ्रीजवरचं लोहचुंबक घे आणि फेसला लावून बघ.” लावलं, चिकटलं. खऱ्याचा फेस टायटॅनियमचा असायला हवा आणि त्याला लोहचुंबक चिकटत नाही, म्हणजे फेस पोलादाचा. तळाला वजनाचे स्क्रू असतात आणि ते पोलादी असू शकतात, त्यामुळे चाचणी फेसवरच करायची.

मग हेड (काठीचं डोकं) सोडवून कारखान्यातल्या काट्यावर ठेवलं. २१४ ग्रॅम भरलं. ड्रायव्हरचं हेड साधारण २०० ग्रॅमच्या आसपास असतं. होसेलवर, म्हणजे शाफ्ट हेडला जिथे जोडतो त्या नळीवर, अनुक्रमांक होता, पण नखाने खरवडल्यावर त्याचा रंग निघाला.

आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम करणाऱ्या संस्था नियमात बसणाऱ्या ड्रायव्हर हेडची यादी ठेवतात. मी घेण्याआधी त्या यादीत मॉडेलचं नाव पाहिलं होतं आणि निर्धास्त झालो होतो. पण नकली माल खऱ्याचंच नाव लावून येतो, त्यामुळे यादीने मॉडेल कळतं, हातातली वस्तू खरी की खोटी ते कळत नाही. जुना ड्रायव्हर घ्यायला जाल तर खिशात लोहचुंबक घेऊन जा. विक्रेता आता फोन उचलत नाही. ७,५०० गेले.

२६ ऑक्टोबर, शनिवार

जाळ्याचं काम. यात दोन शनिवार-रविवार गेले, म्हणून सविस्तर लिहितो.

परसात नारळाच्या दोन झाडांमध्ये बारा फूट जागा आहे. तयार गोल्फचं जाळं मागवायला महाग, आणि गोव्यात जाळ्याला काय तोटा! बेतूलजवळच्या कुटबण जेटीवर गेलो. चेंडूचा व्यास कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर असतो, तेव्हा त्याहून लहान डोळ्याचं जाळं द्या असं सांगितलं. त्यांनी तंगुसाचं जाळं दिलं, ६०० रुपयांत. हलकं, पारदर्शक, टांगायला सोपं. सातच्या आयर्नने तीस चेंडू त्याने झेलले. ड्रायव्हरच्या चौथ्या चेंडूला धागा तुटला आणि चेंडू शेजारच्या गोठ्याच्या कौलांवर गेला. कुणाला लागलं नाही, कौल मात्र फुटलं. मी जाऊन माफी मागितली आणि कौल बदलून दिलं. सकाळी शेजारची काकी तिथेच गाईला चारा घालत असते. ते आठवून मला रात्री नीट झोप लागली नाही.

चूक डोळ्याच्या मापात नव्हती, धाग्यात होती. तंगूस एकेरी असतो आणि आपटणाऱ्या वस्तूने कापला जातो. दुसऱ्या खेपेला ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेपटाचा भाग मागितला. तिथे मासळीचा सगळा भार येतो, म्हणून धागा जाड, पिळाचा आणि प्रत्येक डोळ्याला गाठ मारलेली. १,४०० रुपये. एक गोष्ट ध्यानात ठेवा. मासेमारीत डोळ्याचं माप जाळं ताणून, समोरासमोरच्या गाठींमधलं घेतात. ते ‘चाळीस’ म्हणाले तर चौकोनाची बाजू वीस मिलिमीटर. मला आधी चाळीस ऐकून जेमतेम वाटलं होतं, प्रत्यक्षात ते भरपूर बारीक आहे.

सांगाडा जीआय पाइपचा, वेल्डिंगसकट ३,४०० रुपये. आमच्याकडे जमीन जांभ्या दगडाची, खुंटी ठोकली की वाकते. म्हणून चारही पायांवर दोन-दोन चिरे ठेवले. सांगाडा अजून हललेला नाही.

पहिल्या दिवशी जाळं खाटेसारखं ताणून बांधलं होतं. चेंडू आपटून सरळ गुडघ्याकडे परत आला. जाळं सैल, झोळ पडेल असं टांगायचं, म्हणजे वेग झोळात मरतो. त्याच्या मागे हातभर अंतरावर आईची जुनी वाकळ टांगली आहे. चेंडू जाळ्यातून गेलाच तर तिच्यात थांबेल. काकीच्या गोठ्याच्या बाजूला दुसरा पडदाही लावला. जाळ्यापासून मी दहा फुटांवर उभा राहतो.

टी, म्हणजे चेंडू ठेवायची खुंटी, जांभ्यात रुतत नाही. बागेच्या नळीचा दोन इंचांचा तुकडा कापून चटईच्या भोकात उभा केला. उत्तम चालतो.

१० नोव्हेंबर, रविवार

दुसरा ड्रायव्हर आला. या वेळी माणसाला भेटून, मडगावात, लोहचुंबक लावून घेतला. काही वर्षांपूर्वीचं मॉडेल, ४६० सीसीचं हेड, १०.५ अंश, होसेलवर फिरवायची बाही (लॉफ्ट बदलायची नळी), स्टिफ शाफ्ट, लांबी साडेपंचेचाळीस इंच. १४,००० रुपये. हेड १९९ ग्रॅम.

स्टिफ का घेतला? विकणारा म्हणाला, स्टिफने स्लाइस (चेंडूचं उजवीकडे वळणं) कमी होतो. मला पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचं होतं. पुण्याच्या मित्राकडून छोटा रडार आणला होता, त्यावर माझा काठी फिरवायचा वेग ताशी ८४ ते ८६ मैल येतो. हा आकडा आधी हातात होता आणि तरीही मी स्टिफ घेतला. एवढ्या वेगाला बहुतेक कंपन्यांच्या तक्त्यात स्टिफपेक्षा लवचिक असा रेग्युलर शाफ्ट लिहिलेला असतो.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज दोन चुका, दोन्ही एकाच बाहीवर.

पहिली. बाही फिरवून लॉफ्ट १०.५ वरून ९ वर आणला. लॉफ्ट कमी म्हणजे चेंडू लांब, असं डोक्यात होतं. संध्याकाळी राजबागला गेलो तर स्लाइस वाढलेला. काकांनी ड्रायव्हर हातात घेऊन जमिनीवर टेकवला आणि म्हणाले, “बघ, फेस कुठे बघतोय.” फेस उजवीकडे उघडला होता. अशा बाहीने लॉफ्ट कमी केला की फेस उघडतो, वाढवला की मिटतो. ज्याचा चेंडू आधीच उजवीकडे जातो, त्याने मुद्दाम फेस उघडून घेतला होता. लॉफ्ट जास्त असला की चेंडूवरचं आडवं वळणही कमी दिसतं, कारण चेंडू त्या प्रमाणात मागे जास्त फिरतो. आपला वेज (जास्त लॉफ्टची छोटी काठी) कधी स्लाइस होत नाही, ड्रायव्हर होतो, यातलं मोठं कारण हेच.

दुसरी. परत फिरवताना टॉर्क रेंच नव्हता. साध्या टॉर्क्स टी-२५ पान्याने हाताच्या अंदाजाने आवळलं. स्क्रूचा आटा गेला. टॉर्क रेंच चाळीस इंच-पाउंडला टिक करून थांबतो आणि त्याचं कामच तेवढं. नवा स्क्रू ५०० रुपये, कुरियरने दहा दिवस. रेंच ९५० रुपये. मी रोज कारखान्यात टॉर्क लावूनच नट आवळतो, तिथे कुणी अंदाजाने आवळलं तर मी ते पुन्हा करायला लावतो. घरी मात्र घाई केली.

८ डिसेंबर, रविवार

स्क्रू आला, लॉफ्ट १२ वर ठेवला. आता चेंडू फेसवर नेमका कुठे लागतो ते बघायचं.

आधी अंगाला लावायची पावडर फेसवर थापली. आमच्या दमट हवेत तिचा दोन मिनिटांत लगदा झाला, खूण उमटेना. मग व्हाइटबोर्डचा मार्कर घेतला, चाळीस रुपयांचा. चेंडूच्या मागच्या बाजूला जाड ठिपका काढायचा, तो ठिपका फेससमोर येईल असा चेंडू टीवर ठेवायचा आणि मारायचा. फेसवर स्वच्छ छाप उमटते, कोरड्या फडक्याने पुसते. या सगळ्या कामात पैशाच्या मानाने सर्वात जास्त उपयोग याचा झाला.

तीस चेंडू मारले, प्रत्येक छापेचा फोटो काढला. तीसपैकी एकोणीस हीलकडे (हेडच्या शाफ्टजवळच्या टोकाकडे), बहुतेक मध्यापासून अंगठ्याएवढ्या अंतरावर आणि खाली. पाच मध्यावर. बाकी विखुरलेले. हीलकडे लागलं की हेड हातात किंचित वळतं आणि चेंडूला उजवीकडचं फिरणं आणखी मिळतं. दोन महिने मी स्विंगचा मार्ग सुधारायच्या मागे होतो. तो थोडा बाहेरून आत येतो हे खरं, पण निम्मं दुखणं या एकोणीस ठिपक्यांत होतं.

टीची उंची बदलून पाहिली. चेंडूचा अर्धा भाग हेडच्या वर दिसेल एवढी ठेवली की खालच्या छापा कमी झाल्या. हीलच्या तशाच राहिल्या.

२२ डिसेंबर, रविवार

काकांकडे वास्कोला. त्यांच्याकडे कॅलवे कंपनीची १९९१ साली बाजारात आलेली पहिली बिग बर्था आहे. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन तोफेचं नाव या ड्रायव्हरला दिलं होतं. त्या काळात हेड मोठं म्हणायचे, पण आहे १९० सीसी. माझ्या हेडच्या निम्म्याहूनही लहान. आम्ही लांबी मोजली, साडेत्रेचाळीस इंच.

ती घेऊन त्यांच्या जाळ्यात दहा चेंडू मारले, मार्कर लावून. सात मध्यावर. एवढ्याशा हेडवर सात!

काका म्हणाले, “अरे, हेड मोठं झालं म्हणून दांडा लांब करायलाच हवा असं कोणी सांगितलं? कंपनीला यार्ड विकायचे असतात. तुला फेअरवे हवाय.” त्यांचं म्हणणं असं की टूरवर खेळणारे व्यावसायिकसुद्धा बहुतेक दुकानातल्या लांबीपेक्षा आखूड ड्रायव्हर वापरतात, आणि ते रोज खेळतात. नियमाने लांबी अठ्ठेचाळीस इंचांपर्यंत चालते. मोठ्या स्पर्धांत २०२२ पासून सेहेचाळीसची मर्यादा लावता येते. माणसाला झेपतं किती हे मात्र नियमात लिहिलेलं नसतं.

घरी येऊन फुकटची चाचणी केली आणि ती मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. माझाच ड्रायव्हर दीड इंच खाली धरून तीस चेंडू. मध्यावर चौदा, हीलकडे नऊ. वेग रडारवर ताशी एका मैलाने कमी. कुणीही शाफ्ट कापण्याआधी, नवा घेण्याआधी हे करा. यासाठी फक्त अर्धा तास आणि एक मार्कर लागतो.

४ जानेवारी २०२५, शनिवार

ही नोंद लिहायला जड जातंय.

काकांच्या एका नंतरच्या ड्रायव्हरचं हेड तडकलं होतं, पण त्यातला रेग्युलर शाफ्ट चांगला होता. त्यांनी तो मला दिला. “तुला स्टिफ नको, हा वापर,” म्हणाले. त्यावरची बाही दुसऱ्या कंपनीची, माझ्या हेडला बसत नाही. टोकाचा व्यास मात्र तोच, ०.३३५ इंच. म्हणजे जुनी बाही उष्णता देऊन काढायची, माझी बाही इपॉक्सी गोंदाने बसवायची. कागदावर सोपं.

हीट गनने बाही तापवली. इपॉक्सी सुटलं की नाही हे बघायला मी बाही पकडीत धरून शाफ्ट पिळला. कट असा बारीक आवाज आला. बाही निघाली, पण टोकाचे तंतू चिरफाळले होते. ग्रॅफाइट शाफ्टची बाही काढताना पिळायचं नसतं. सरळ रेषेतच ओढावी लागते आणि त्यासाठी ओढणारं साधन असतं. पोलादी शाफ्टला पीळ चालतो, ग्रॅफाइटला नाही. शिवाय मी उष्णताही जास्त दिली होती. बाहीतून जळका वास आला तेव्हाच थांबायला हवं होतं.

टोक दोन इंच कापून वापरता आलं असतं का, असा विचार केला. टोकाकडून कापलं की शाफ्ट ताठ होतो, म्हणजे ज्यासाठी घेतला तेच हरवतं.

संध्याकाळी वास्कोला जाऊन काकांना दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला, चिरेवरून बोट फिरवलं आणि बाजूला ठेवला. “चहा घेणार ना?” एवढंच म्हणाले. त्यांनी रागावून बोलायला हवं होतं असं मला वाटत राहिलं.

त्यांच्यासाठी तसाच शाफ्ट शोधून मागवला, ४,००० रुपये. माझ्यासाठी माझ्या बाहीसकटचा जुना रेग्युलर शाफ्ट वेगळा मागवला, ४,२००. बाही काढण्याचं काम यापुढे मी करणार नाही. ज्याच्याकडे ओढायचं साधन नाही त्यानेही करू नये. आधीच योग्य बाही लावलेला शाफ्ट घ्या, तो स्वस्त पडतो.

१८ जानेवारी, शनिवार

शाफ्ट आला. आज कापला.

कापायचं ते ग्रिपच्या बाजूने, टोकाच्या बाजूने नाही. जुनी ग्रिप बाकदार पात्याने सोलली, पात्याची धार नेहमी अंगाबाहेर आणि शाफ्टला समांतर. सरळ पातं शाफ्टमध्ये घुसतं आणि तंतू कापतं.

लांबी मोजताना ड्रायव्हर खेळायच्या स्थितीत जमिनीवर टेकवून, हीलच्या मागे जमिनीपासून ग्रिपच्या टोपीच्या वरच्या कडेपर्यंत मोजली. ग्रिपची टोपी लांबीत थोडी भर घालते, ती वजा करून खूण केली. खुणेभोवती मास्किंग टेप घट्ट गुंडाळली म्हणजे तंतू फाटत नाहीत. बत्तीस दातांचं हॅकसॉ पातं, हलका हात, दांडा फिरवत फिरवत चहूबाजूंनी. तोंडाला मास्क, कापायच्या जागेवर ओलं फडकं. ग्रॅफाइटची धूळ श्वासात जाऊ द्यायची नाही. चौदा मिनिटं लागली. कड सँडपेपरने घासली.

दुहेरी टेप लावली, ग्रिपमध्ये आणि टेपवर टर्पेंटाइन ओतलं, ग्रिप सरकवली, रेषा सरळ केली. लांबी मोजली, चव्वेचाळीस आणि एक अष्टमांश. चालेल.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी आठला जाळ्यात गेलो. सहाव्या चेंडूला ग्रिप हातात फिरली.

टर्पेंटाइन पेट्रोलपेक्षा सावकाश उडतं आणि मी रात्री ग्रिप घालून ड्रायव्हर न्हाणीघराशेजारच्या कोपऱ्यात ठेवला होता. तिथली हवा कायम ओलसर. ग्रिप काढावी लागली, काढताना फाटली. ६५० रुपये.

दुसरी गोष्ट हातात घेतल्यावरच लक्षात आली. ग्रिप बारीक लागत होती. शाफ्ट वरून खाली निमुळता होत जातो, दीड इंच वरचा भाग कापला की ग्रिपखालचा व्यास कमी होतो. बारीक ग्रिपवर माझा उजवा हात जास्त वळवळतो. मास्किंग टेपचा एक जादा थर हवा होता.

२६ जानेवारी, रविवार

एक थर मास्किंग, त्यावर दुहेरी टेप, नवी ग्रिप, पूर्ण दोन दिवस कोरड्या खोलीत पंख्याखाली. घट्ट बसली.

आता हेड हलकं लागतंय. लांबी अर्धा इंच कमी केली की स्विंग वेट (फिरवताना हेड किती जड लागतं त्याचं माप) साधारण तीन अंकांनी उतरतं. दीड इंचाला नऊ. हेडवर दोन ग्रॅम म्हणजे एक अंक, म्हणजे सगळं भरून काढायचं तर अठरा ग्रॅम. पहिल्यांदा हिशोबाप्रमाणे अठराच लावले. हेड खाली ओढायला लागलं, वेग ताशी ८२ वर आला. कमी करत करत दहा ग्रॅमवर थांबलो, वेग पुन्हा ८५. हिशोब तुम्हाला सुरुवात कुठून करायची ते सांगतो. थांबायचं कुठे ते माझ्या बाबतीत रडारने आणि खांद्यांनी ठरवलं.

शिशाची अर्धा इंच रुंदीची टेप, साधारण चार इंच लांबीला दोन ग्रॅम. वीस इंच टेप तळाला, हीलच्या बाजूला थरांनी लावली. तिकडे वजन गेलं की हेड मिटायला थोडी मदत होते. शिसं आहे, हातमोजे घाला आणि नंतर हात साबणाने धुवा. घरात लहान मुलं असतील तर कापलेले तुकडे लगेच गोळा करा.

मार्कर लावून तीस चेंडू. मध्यावर सतरा, हीलकडे सहा. जाळ्यासमोर मी तसाच उभा राहिलो. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा वाटलं की हे जमू शकतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

राजबाग. पहाटे साडेपाचला फोंड्याहून निघालो, मडगावला पदेराकडचे गरम पाव घेतले, कुंकळ्ळी, बाळ्ळी, करमल घाट उतरून काणकोण. घाटात धुकं होतं. काका वास्कोहून माझ्या आधी पोहोचलेले.

सकाळी वारा नव्हता. ड्रायव्हर दहा वेळा काढला. सहा फेअरवेवर, तीन रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात) पण खेळता येण्यासारखे, एक हरवला. हवेतली झेप यार्डाच्या खुणांवरून मोजली, १७५ ते १८५. जुन्या ड्रायव्हरने चांगला लागला तर १६५ आणि तोही सरळ नाही. वेग तेवढाच, लांबी कमी, तरी चेंडू लांब. मध्यावर लागला की आणखी काही करावं लागत नाही.

दुसऱ्या फेरीला समुद्राचा वारा उठला. चेंडू उंच जाऊन वाऱ्यात अडकायला लागला. मी बॅगेतून रेंच काढला, लॉफ्ट एका खाचेने उतरवावा म्हणून. काकांनी मनगट धरलं. “फेरी संपेपर्यंत नाही.” फेरी सुरू असताना क्लबची रचना मुद्दाम बदलायला नियम परवानगी देत नाही. शिशाची टेप लावणं-काढणंसुद्धा त्यात आलं. मला खरंच माहीत नव्हतं. मग टी थोडी खाली ठेवली, चेंडू उजव्या पायाकडे अर्धा बोट घेतला आणि चार होल तसेच खेळलो. चेंडू खाली राहिला, एक पुन्हा उजवीकडे गेला.

जेवणानंतर तळपणच्या बाजूला झाडाखाली बसलो होतो. काकांनी माझा ड्रायव्हर मागून घेतला, ग्रिपच्या टोकापासून तळापर्यंत नीट बघितला, टेपचे थर बोटांनी दाबून पाहिले. काही बोलले नाहीत. मग एक चेंडू मारला आणि म्हणाले, “माझ्यासाठी जड आहे. तुला बरोबर आहे.”

१५ मार्च, शनिवार

शिगमो सुरू, आवाठात ढोल वाजतायत. आज सुट्टी, म्हणून हिशोब लिहून काढतो. कुणी असंच करणार असेल तर त्याला उपयोग होईल.

नकली ड्रायव्हर ७,५००. खरा ड्रायव्हर १४,०००. दोन जाळी २,०००. सांगाडा ३,४००. टॉर्क रेंच ९५०, स्क्रू ५००. माझा रेग्युलर शाफ्ट ४,२००, काकांचा ४,०००. दोन ग्रिपा १,३००. शिशाची टेप ६००. मार्कर, टेप, पाती, टर्पेंटाइन मिळून ४५०. एकूण ३८,९००. पहिल्यांदाच नीट केलं असतं तर २५,६५० मध्ये झालं असतं. फरक १३,२५०, तो सगळा माझ्या घाईचा आहे. शेजारच्या कौलाचे पैसे काकीने घेतले नाहीत.

वेळेचं सांगायचं तर ऑक्टोबर ते डिसेंबर हा सगळा काळ मी चुकीच्या गोष्टी बदलण्यात घालवला. आधी मार्कर, मग खाली धरून चाचणी, मग रडारच्या आकड्यावरून शाफ्ट, मग लॉफ्ट, आणि सर्वात शेवटी पैसे, असा क्रम असता तर जानेवारीतच राजबागला असतो.

आता उन्हाळ्याची काळजी. ड्रायव्हर गाडीच्या डिकीत ठेवायचा नाही. बंद गाडीतल्या उन्हाने बाहीतलं इपॉक्सी नरम होतं. खेळून आल्यावर ग्रिप कोमट पाण्याने आणि साबणाने धुऊन पंख्याखाली ठेवतो, नाहीतर आमच्या दमटपणात ती चिकट होते. लॉफ्ट सध्या १२ वर आहे, तिथेच राहील. जाळं मेअखेरीस उतरवून माळ्यावर टाकायचं, वाकळ आईला धुऊन परत द्यायची.

काकांसाठी आणलेला शाफ्ट त्यांच्या दाराआड अजून तसाच उभा आहे. काल त्यांचा फोन आला, बिग बर्थेची ग्रिप दगडासारखी कडक झालीय, तू बदलून देशील का म्हणून. उद्या ती घेऊन यायची आहे. पाती नवी आणलीत, मास्किंग टेप कापून ठेवली, टर्पेंटाइनची बाटली भरायची राहिलीय. बुधवारपर्यंत तिला हात लावायचा नाही असं काकांना आधीच सांगितलं आहे.